उबेत ठेवलेले पाणी

मित्रांनो, कोठारामागे पालथे पडलेले हे लांबलचक पोकळ लाकूड पाहून तुम्हाला वाटेल, कुणीतरी जळण विसरून गेले आहे. पण मी जळण नाही. मी पेश्तेरच्या पठारावरची जुनी डोणी आहे. छत्तीस हिवाळे मी मेंढ्यांना पाणी पाजले आणि सदतिसाव्यात माझा जीव जाता जाता वाचला. तो कुणी वाचवला, ते मला सांगायचे आहे.

माझा जन्म वरच्या रानातला. तिथे मी पाइनचे झाड होते. जाफेरने मला एका शरद ऋतूत पाडले, बैलांनी ओढत अंगणात आणले आणि वाकस घेऊन माझे पोट कोरायला बसला. नऊ दिवस तो कोरत होता. त्याच वर्षी त्याच्या घरात हिव्झो जन्मला होता, म्हणून जाफेरचा हात जरा खुशीतच चालायचा. माझी लांबी एवढी झाली की बारा मेंढ्या एका वेळी तोंड घालू शकत.

शेजारचा झुल्फो कुंपणावर रेलून म्हणाला, "जाफेर, ही डोणी आहे का होडी?"

"होडीच आहे," जाफेर म्हणाला. "पठारावर समुद्र आला की सगळ्यांना बसवीन. तुला सोडून."

मला दोन दगडांवर ठेवले. उतारावरच्या झऱ्याचे पाणी लाकडी पन्हळीतून एका टोकाला माझ्यात पडे आणि दुसऱ्या टोकाने वाहून जाई. पाणी सतत हलते असल्यामुळे साध्यासुध्या थंडीत ते गोठत नसे. थंडी वाढली की वर काचेसारखा पापुद्रा धरे. मग जाफेरची बायको रुकिया कुऱ्हाडीच्या पाठीने दोन ठोके देई, पापुद्रा फुटे आणि मेंढ्या धावत येत. त्यांचे ओठ किती मऊ असतात, ते डोणीशिवाय कुणाला कळणार? आधी नुसते टेकतात, मग एक लांब घोट, मग नाकातून गरम सुस्कारा. तो सुस्कारा माझ्या कडेवरून फिरायचा. आजही पहाटे मला त्याचा भास होतो.

अशी वर्षे गेली. हिव्झो छत्तीस वर्षांचा झाला, पण त्याचे लग्न काही जमेना. आमच्या पठारावरच्या मुली शहरात किंवा परदेशात निघून जात होत्या. मेंढ्यांच्या वासाशी लग्न करायला कोण थांबणार? शेवटी कुणीतरी मध्यस्थी केली आणि डोंगरांपलीकडच्या, दुसऱ्या देशातल्या श्कोद्राच्या तळ्याकाठची एक मुलगी हिव्झोची बायको होऊन आली. तिच्या हातात एकच पिशवी होती आणि तोंडात आमच्या बोलीतले पाच-सहा शब्द.

"नाव काय म्हणालीस?" रुकियाने विचारले.

"शेगा."

"त्यांच्या बोलीत त्याचा अर्थ डाळिंब होतो, आई," हिव्झो लाजत म्हणाला.

रुकियाने कपाळावर हात मारला. "डाळिंब! इथं बटाटा धड पिकत नाही, आणि यानं डाळिंब आणलंय!"

रुकिया दुष्ट नव्हती, मित्रांनो. ती थकलेली होती. तिला कामाला दोन हात हवे होते आणि शेगाचे हात तयारही होते, पण मधे भाषा उभी होती. मीठ मागितले तर शेगा राख घेऊन येई. दार लाव म्हटले तर उघडे. रुकिया चिडे, शेगा खाली मान घाली आणि बादली उचलून माझ्याकडे येई. माझ्यापाशी तिच्या चुका कुणी काढत नसे.

ती माझ्याशी तिच्या बोलीत बोलायची. सुरुवातीला मला काही कळत नव्हते; पण लाकूड हळूहळू भिजते, तशी तिची भाषा माझ्यात उतरली. तिच्या घराजवळून एक पाट वाहतो. भर हिवाळ्यात गाई त्यात पाय बुडवून पाणी पितात. तिचा बाप तंबाखू लावतो. आईचे नाव हाने. आई पहाटे उठून अंगणात उभी राहते आणि सगळ्यांना नावाने हाका मारते. शेगा हे सांगताना पाण्यात आपला चेहरा बघत असे. हिवाळा आला, पाण्यावर बर्फ धरला आणि तो चेहराही दिसेनासा झाला. त्या सकाळी ती हळूच म्हणाली, "आई, इथं पाण्याचा दगड होतो गं."

जानेवारीत जाफेरची छाती भरली. श्वास घेताना त्याच्या घशात करवत चालल्यासारखा आवाज येऊ लागला. हिव्झोने त्याला गोधड्यांत गुंडाळले, झुल्फोच्या ट्रॅक्टरवर बसवले आणि शहरातल्या इस्पितळात नेले. जाताना तो म्हणाला, "उद्या संध्याकाळपर्यंत येतो."

त्याच दुपारी वादळ आले. तीन दिवस बर्फ आडवा उडत होता. रस्ता बुजला, विजेचे खांब पडले, फोन मुके झाले. झुल्फोही शहरातच अडकला. वस्तीवर आमच्या घरात दोन बाया, पाच गाई, एक घोडा आणि बासष्ट मेंढ्या. त्यातल्या चाळीस गाभण, महिन्याभरात विणाऱ्या.

चौथ्या दिवशी वारा थांबला आणि खरी थंडी उतरली. त्या पहाटे मला काहीतरी चुकल्यासारखे वाटले. थोड्या वेळाने उमगले, पन्हळीचा आवाज बंद होता. छत्तीस वर्षांत पहिल्यांदा माझ्यात पाणी पडत नव्हते. झऱ्यापासून माझ्यापर्यंत सगळी पन्हळ दगड झाली होती.

आता उरली खालची विहीर. दोघी कावड घेऊन उतरत. दोराने पाणी शेंदायचे, गुडघाभर बर्फातून चढ चढायचा आणि माझ्यात ओतायचे. विहिरीतून काढलेले पाणी वाफाळत असे, पण माझे अंग इतके गारठलेले की पहिल्या बारा मेंढ्या पिऊन होईपर्यंत मागच्यांसाठी वर बर्फ धरू लागे. तासाभरात सगळे घट्ट. गाई गोठ्यात होत्या, त्यांना दाराशी बादली धरता येई. मेंढ्या कोंडायचे वाडगे एका अंगाने उघडे. तिथे ठेवलेल्या बादल्या त्या उलथून टाकत, नाहीतर बादल्या तळापासून गोठत. रुकियाने चुलीवर पाणी तापवून पाहिले. पण बासष्ट तोंडांना दोन हंडे कुठे पुरणार, आणि सरपणही निम्म्यावर आले होते.

रुकिया दिवसातून सहा वेळा कुऱ्हाड चालवू लागली. आता पाठीचे ठोके पुरत नव्हते, ती पात्यानेच घाव घाली. एक घाव चुकला आणि माझ्या कडेची ढलपी उडाली. मी काही बोलू शकत नाही, मित्रांनो, पण खरे दुखणे आतून होते. पाणी गोठले की फुगते. प्रत्येक वेळी ते मला दोन्ही बाजूंनी रेटत होते.

मेंढ्यांना कोरडा चारा होता, पण पाण्यावाचून तो उतरेना. त्या बर्फ चाटत, कडा चाटत, माझ्या अंगावरची ओल चाटत. एका म्हाताऱ्या मेंढीने रवंथ करणे सोडले, भिंतीला टेकून बसली आणि संध्याकाळी मेली. दुसऱ्या दिवशी दोन मेंढ्यांनी गाभ टाकला. रुकियाच्या तोंडचे पाणी पळाले. ती दोन्ही इवलेसे जीव पोत्यात गुंडाळून उंबऱ्यावर बसून राहिली.

त्याच वेळी माझ्यातून मोठा आवाज आला, बंदुकीसारखा. माझ्या कडेला टोकापासून हातभर तडा गेला होता.

रुकियाने वर पाहिले. "आता ही पण?" एवढेच ती म्हणाली.

शेगा मात्र माझ्याकडे बघत नव्हती. ती गोठ्यामागच्या उकिरड्याकडे बघत होती. सगळीकडे कमरेएवढा बर्फ, पण उकिरड्याच्या माथ्यावर टोपीएवढी जागा उघडी होती आणि तिच्यातून वाफेची एक बारीक रेघ वर चढत होती. ती उठली, दाताळे घेतले आणि वरचा गोठलेला थर फोडू लागली. आतली लीद, शेण आणि कुजका पेंढा टोपलीत भरून तिने माझ्या बुडाशी आणून टाकला.

"ए! हे काय करतेस?" रुकिया ओरडली.

"डोणी. गरम," शेगा म्हणाली.

"गरम? डोकं गरम झालंय का तुझं? मेंढ्या पितात त्या पाण्याला शेण लावतेस? माझ्या घरात पाणी बाटवायचं नाही, सांगून ठेवते!"

शेगाने टोपली खाली ठेवली. ती एकेक शब्द शोधत बोलू लागली. "आई... माझं घर... तंबाखू. तंबाखूची पोरं."

"तंबाखूला पोरं होतात तुमच्याकडं?"

"हो! लहान, लहान पोरं." तिने दोन बोटांनी रोपाची उंची दाखवली. "बाहेर थंडी. खाली शेण, वर माती, वर पोरं. पोरं मरत नाही."

"काय बडबडतेय ही? देवा, घरचे पुरुष तिकडं अडकलेत, आणि मला दिलीस ही!"

मला सगळे कळत होते. तंबाखूची रोपे थंडीत तगावीत म्हणून तिचा बाप लीद-शेणाच्या गादीवर वाफे करतो, हे तिने मला कितीदा सांगितले होते. पण मला तोंड कुठे होते?

मग शेगाने जे केले ते करायला धीर लागतो. तिने सासूचे मनगट धरले, तिला ओढत उकिरड्यापाशी नेले आणि तिचा उघडा हात कोपरापर्यंत त्या फोडलेल्या भोकात खुपसला.

रुकियाने दुसरा हात मारायला उगारला आणि तो तसाच हवेत राहिला. तिने आतला हातही बाहेर काढला नाही. चार दिवस दोर ओढून फुटलेली तिची बोटे पहिल्यांदा उबेत गेली होती. ती म्हणाली, "अगं बाई... माझ्या चुलीत एवढी धग नाही."

मग ती उभी राहिली. "फळ्या लागतील. हे सगळं डोणीभोवती धरून ठेवायला फळ्या लागतील." कोठाराचे दार बर्फात गाडलेले होते. रुकिया घरात गेली, आतून ठोकण्याचा आवाज आला आणि ती आपल्या पलंगाच्या फळ्या काखेत मारून बाहेर आली.

त्यांनी माझ्याभोवती फळ्यांची चौकट उभी केली. माझ्या पोटाखाली, दोन्ही अंगांनी, ऊन लीद आणि पेंढा दाबून दाबून भरला. घाण पाण्यात उडू नये म्हणून कडांवर पोत्याचे पट्टे ठोकले. तडा रुकियाने लोकर आणि राळ कोंबून बुजवला. वरून झाकण घातले, त्याला मेंढीचे तोंड जाईल एवढी भोके ठेवली आणि झाकणावर जुनी लोकरीची गोधडी पसरली. मग विहिरीचे पाणी आणून ओतले.

हळूहळू, बुडातून वर, मला ऊब कळू लागली. उन्हाची ऊब वेगळी असते, ती पाठीवर येते. ही पोटात आली. मी झाड असताना वसंतात मुळांतून रस चढायचा, तसे काहीतरी वाटले.

सकाळी रुकिया कुऱ्हाड घेऊनच आली. गोधडी उचलली, झाकण सरकवले. पाण्यावर दुधाच्या सायीइतका पातळ पापुद्रा होता. तिने बोट लावले, तो विरघळला. तिने कुऱ्हाड बर्फात टाकून दिली.

मेंढ्या आल्या. आधी वासाने बिचकल्या, मग एकीने भोकात तोंड घातले आणि ते बाहेरच काढेना. मग सगळ्या एकमेकींना ढकलत आल्या. "प्या गं बायांनो, प्या," रुकिया म्हणत होती आणि तिचे डोळे वाहत होते. "शेगा, तुझ्या त्या तंबाखूच्या पोरांचं भलं होवो!"

तसे अकरा दिवस गेले. दर तिसऱ्या-चौथ्या दिवशी गार झालेली लीद काढून नवी भरायची, झाकण हलवायचे, कावडी आणायच्या. त्यानंतर एकही मेंढी मेली नाही. काम करता करता दोघी एकमेकींना शब्द देऊ लागल्या. शेगाच्या बोलीत पाण्याला 'उय' म्हणतात. रुकियाला तो शब्द इतका आवडला की ती मेंढ्यांनाच त्याने हाक मारू लागली, "उय, उय, उय!"

एका सकाळी पाणी ओतून झाल्यावर रुकिया माझ्या कडेवर टेकली आणि सहज म्हणाली, "तुझी आई काय करत असेल गं आत्ता?"

शेगाच्या हातातली बादली तशीच राहिली.

"शेवटचं कधी बोललीस तिच्याशी?"

"लग्न. मग नाही."

"चार महिने? अगं, टेकडीवर गेलं की फोन लागतो! हिव्झोला सांगायचंस, मला सांगायचंस. मागितलं का नाहीस?"

शेगा म्हणाली, "शब्द नव्हता."

रुकियाने आपल्या लोकरीच्या शालीचे टोक घेतले आणि सुनेचे तोंड पुसले, जरा रागाने पुसावे तसे, स्वतःवरच्या.

बाराव्या दिवशी रस्ता उघडला. हिव्झो बापाला घेऊन आला. जाफेर अर्धा झाला होता, पण आपल्या पायांनी चालत आला आणि आधी माझ्यापाशी थांबला. हिव्झो घरात जाऊन बाहेर आला. "आई, डोणीला कपडे घातलेत आणि तू जमिनीवर झोपतेस? इथं झालं तरी काय?"

"ते नंतर सांगते. आधी ऐक. रस्ता कोरडा झाला की हिला तिच्या आईकडं पोचवायचं. पोटभर राहू दे."

"आई, तेव्हा कोकरं लहान असतात. हातभार कोण लावणार?"

"मी आहे. बाबा आहेत. नाहीतर झुल्फोला कामाला लावीन, नुसता कुंपणावर रेलून असतो."

हिव्झोचा आवाज उतरला. "आणि गेली ती परत आली नाही तर?"

"नाही आली तर समजायचं, तिनं राहावं असं आपण काही दिलंच नाही."

एप्रिलमध्ये शेगा गेली. हिव्झो तिला सरहद्दीपलीकडे जाणाऱ्या बसमध्ये बसवून परत आला. पन्हळ पुन्हा वाहू लागली होती, कोकरे माझ्याभोवती उड्या मारत होती, आणि तरी मला अंगण ओसाड वाटत होते. पाण्यात ढग दिसत, पाखरे दिसत. जो चेहरा बघायची सवय झाली होती, तो दिसत नव्हता. रुकिया कामे आटोपून माझ्या कडेवर येऊन बसे आणि खालच्या रस्त्याकडे बघत राही. महिना झाला, वर दहा दिवस झाले.

झुल्फो कुंपणावरून म्हणाला, "काय रुकिया, सून पळाली म्हणे?"

"पळाली नाही," रुकिया म्हणाली. "पाणी प्यायला गेलीय."

एवढे बोलून ती उठली खरी, पण दोन पावले जाऊन पुन्हा वळून रस्त्याकडे बघू लागली.

एक्केचाळिसाव्या दिवशी दुपारी ती माझ्यात लोकर धूत होती. खालच्या वळणावर कुणीतरी दिसले, हातात दोन पिशव्या. रुकियाने ओल्या हातांनीच डोळ्यांवर सावली धरली. पुढे धावली नाही. लोकर पिळत राहिली, तीच तीच लोकर, पुन्हा पुन्हा. शेगा अंगणात येऊन उभी राहिली तेव्हा कुठे तिने मान वर केली.

"एवढा उशीर? मेंढ्यांना मी उय म्हणते तर हसतात मला. माझा उच्चार चुकतो म्हणे."

शेगा हसली. मग पिशव्या खाली टाकून तिने सासूला मिठी मारली, आणि रुकियाच्या हातातले लोकरीचे पाणी शेगाच्या पाठीवरून निथळत राहिले.

मित्रांनो, त्यानंतर वीस हिवाळे मी त्या लिदीच्या उबेत काढले. वस्तीवरच्या इतर घरांनीही आपल्या डोण्या तशाच बांधल्या. लोक बघायला येत, माझ्या पाठीवर थाप मारत. माझ्याइतके कौतुक पठारावर कुणा लाकडाचे झाले नसेल. मग आधी जाफेर गेला. नंतर रुकिया गेली. शेवटच्या दिवसांत तिला शेगाच्या हातूनच पाणी हवे असे. मेंढ्या वीसवर आल्या. हिव्झोने वाडग्यात विजेच्या तारेने कोमट राहणारे लोखंडी भांडे बसवले. चांगले आहे ते. मेंढ्यांना पाणी मिळते, मी तक्रार कशाला करू? मला मात्र इथे आणून पालथे घातले. तडा आता पार दुसऱ्या टोकापर्यंत गेला आहे. माझ्यात घोटभर पाणीही टिकणार नाही.

पण तहान डोणीलाही लागते, हे मला इथे पडल्यावर कळले. मला पाण्याची तहान नाही. मला तोंडांची तहान आहे.

शेगा अजून येते माझ्याकडे. तिचे केस पांढरे झालेत. तिची मुलगी एमिना उत्तरेकडच्या कुठल्याशा मोठ्या शहरात रुग्णालयात काम करते. शेगा माझ्या पाठीवर बसून तिला फोन लावते. "थंडी किती आहे गं तिथं? खातेस ना वेळेवर?" आणि मग जरा थांबून, "तुझ्याशी बोलतं का कुणी? तू कशी आहेस, असं विचारतं का कुणी तिथं?" पलीकडून काय उत्तर येते ते मला ऐकू येत नाही. शेगा खूप वेळ ऐकत राहते. फोन बंद झाल्यावरही लगेच उठत नाही. उन्हाने दिवसभर तापलेली माझी पाठ मी तिच्यासाठी गरम ठेवायला बघते. रिकाम्या लाकडाला तेवढे जमते.

माझे एवढे ऐका, मित्रांनो. तुमच्या दारात जनावर असेल, तर पाणी भरून ठेवले म्हणून निश्चिंत होऊ नका. ते पिण्याजोगे आहे का, रोज हात बुडवून बघा. जनावर सांगत नाही. आणि तुमच्या घरात लांबून आलेले कुणी माणूस असेल, तर त्याला शब्द सापडेपर्यंत वाट बघत बसू नका. आधी तुम्हीच विचारा.